सांदवाडीतला हिस्सा

आमच्या झाडीपट्टीत घरामागच्या कुंपणातल्या मोकळ्या जागेला सांदवाडी म्हणतात. भाजीपाला, दोन-चार फळझाडे, सरपण, कोंबड्यांचा खुराडा, वाळत घातलेले कपडे, सारे तिथेच. वडशात, म्हणजे कागदोपत्री देसाईगंजात, अजूनही पुष्कळ घरांना सांदवाडी आहे. पण दरवर्षी ती कुठे ना कुठे कमी होते. कोणी मागे खोल्या काढतो, कोणी चिखल नको म्हणून सिमेंट ओततो, कोणी फरशी बसवतो. आमच्या घरीही हा प्रश्न आला. आम्ही दोघी जावा एका बाजूला आणि घरातली पुरुषमंडळी दुसऱ्या बाजूला. मागची जागा सपाट करून सिमेंट करावे, गाडी आत येईल, लग्नकार्याला मांडव घालता येईल, असे त्यांचे म्हणणे. आमचे म्हणणे, माती राहू द्या. वर्षभर हे बोलणे दस्तरखानावर चालले. त्यातून जी वाट निघाली ती इतर घरांनाही उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हे लिहितो आहोत.

पुरुषमंडळींचे म्हणणे वाऱ्यावर सोडण्यासारखे नव्हते, हे आधी सांगायला हवे. शहरातल्या माणसाला वन्यजीव म्हटले की दूरदर्शनवरचे चित्र आठवते. आमच्याकडे त्या शब्दाने घरातले बोलणे थांबते. ऑक्टोबर 2022 मध्ये वडसा वनक्षेत्रात सीटी-1 नावाचा वाघ पकडला गेला, तेव्हा वडसा, ब्रह्मपुरी आणि भंडारा या भागातल्या 13 माणसांचे जीव त्याने घेतलेले होते. त्याच्या आदल्या वर्षी छत्तीसगडातून रानटी हत्तींचा कळप गडचिरोली जिल्ह्यात उतरला आणि पुढे वडसा वन विभागातल्या धानाच्या बांध्यांतही फिरला. रानडुकरे तर रोजचीच. साप, त्यातही मण्यार, पावसाळ्यात घराशी येतो. अशा गावात कोणी म्हटले की आपण जीवजंतूंसाठी बाग करू, तर ऐकणारा आधी हसेल आणि मग रागावेल. ज्यांच्या घरातले माणूस मोहफुले वेचायला गेले आणि परतले नाही, त्यांच्यापुढे निसर्गप्रेमाच्या गप्पा शोभत नाहीत.

म्हणून आम्ही आधी एक गोष्ट आपापसात साफ करून घेतली. आम्हाला जंगल घराशी आणायचे नव्हते. वाघ, बिबट, डुक्कर यांची जागा जंगलात आहे आणि ते तिथेच राहावेत, यासाठी जे करायचे ते वेगळे. आम्हाला सांभाळायचे होते ते मुठीत मावणारे जीव: मधमाशी, फुलपाखरू, चिमणी, बुलबुल, शिंजीर, बेडूक, गांडूळ. हे जीव माणसाच्या अंगणातच पिढ्यान्‌पिढ्या जगत आले आहेत. अंगण सिमेंटचे झाले की त्यांना दुसरे घर नाही.

दुसरी बाजू दीनची. हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिचा आशय असा की, मुसलमानाने झाड लावले किंवा पेरणी केली आणि त्यातून पक्ष्याने, माणसाने किंवा जनावराने खाल्ले, तर ते लावणाऱ्याच्या नावे सदका ठरते. ही हदीस आपण मशिदीत, इज्तेमात अनेकदा ऐकतो. पण तिच्यात पक्ष्याचे नाव आहे, इकडे आपले लक्ष जात नाही. आमच्या सासूबाई, ज्यांना सारे घर अम्मी म्हणते, त्या फार शिकलेल्या नाहीत. पेरूवर पोपट बसले आणि मुले दगड घेऊन धावली की त्या म्हणत, "राहू दे रे, त्याने खाल्लेला पेरूही आपल्याच खात्यात जमा होतो." शेतीच्या उत्पन्नात उश्र हा गरिबांचा हक्क आहे. पावसाच्या पाण्यावर पिकलेल्यातला दहावा भाग, पाणी ओढून पिकवलेल्यातला विसावा. तो हक्क माणसांचा आणि तो वेगळाच. पण त्यावरून आम्ही घरची एक रीत पाडली. सांदवाडीत जे पिकेल त्यात पाखरांचा आणि किड्यांचाही हिस्सा. हा काही धर्माचा हुकूम नव्हे. आमच्या चुलीपुरता केलेला नियम आहे.

हिस्सा द्यायचा म्हटले की पहिली परीक्षा अळीची. फुलपाखरू सर्वांना हवे असते, अळी कोणालाच नको असते. लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवर ठिपक्यांच्या फुलपाखरांच्या अळ्या होतात. लहान असताना त्या पाखराच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणून कोणी त्यांना खात नाही. मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात आणि बोट लावले तर डोक्यामागून नारिंगी शिंगे काढून उग्र वास सोडतात. आमच्या घरची मुले आता पाहुण्यांना हा खेळ दाखवतात. महाराष्ट्राने 2015 साली ब्लू मॉर्मन या निळ्या-काळ्या फुलपाखराला राज्याचे फुलपाखरू ठरवले, त्याच्या अळ्याही लिंबाच्या जातीच्या झाडांवरच वाढतात. मोठे लिंबाचे झाड थोडी पाने गेली तरी पुन्हा फुटते. रोप हातभर असेल तर मात्र अळ्या उचलून मोठ्या झाडावर नेऊन सोडाव्यात, नाहीतर रोप बोडके होते.

अळीचे खरे मोल चिमणीला ठाऊक. मोठी चिमणी दाणे टिपते, पण घरट्यातल्या पिलांना ती किडे आणि अळ्या भरवते. आपण पक्ष्यांना तांदूळ टाकतो आणि झाडांवर विषारी फवारा मारतो, तेव्हा आईला जेवण देतो आणि तिच्या लेकरांचे दूध काढून घेतो. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी जे काम उभे केले ते अनेकांना माहीत असेल. 20 मार्च हा जागतिक चिमणी दिवस 2010 पासून पाळला जातो, त्यामागे त्यांची नेचर फॉरएव्हर सोसायटी आहे. लाकडी घरटी टांगणे चांगलेच. पण खाली माती, झुडूप आणि अळी नसेल तर ते घरटे भाड्याच्या रिकाम्या खोलीसारखे राहते.

आता वर्षाचे चक्र सांगतो. आमच्या घरी दोन कॅलेंडरे आहेत. नमाज, रोजे, ईद चंद्राच्या हिशेबाने, माती सूर्याच्या आणि नक्षत्रांच्या हिशेबाने. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि तेहतीस वर्षांच्या आसपास सारे ऋतू फिरून येतो. म्हणजे माणसाला आयुष्यात प्रत्येक ऋतूतला रोजा मिळतो. मृग मात्र जूनच्या सुरुवातीलाच लागते. हल्ली रमजान पळस फुलण्याच्या दिवसांत येतो. सहरीला उठलो की कौलावर बसून दयाळ गात असतो.

मृगाच्या आधी, उन्हातच खड्डे करून ठेवायचे. पहिला चांगला पाऊस झाला की भोपळा, दोडका, कारली, काकडी, वाल लावायचा. वेलभाज्यांत नर फूल वेगळे, मादी फूल वेगळे. परागकण कोणीतरी नेल्याशिवाय फळ धरत नाही. लाल भोपळ्याचे फूल सकाळी उमलते आणि मधमाश्या तिथे येतात. दोडक्याची आणि दुधी भोपळ्याची फुले मात्र संध्याकाळी, मगरिबच्या सुमारास उमलतात. त्यांच्यावर अंधारात पतंग येतात. मागच्या दाराचा दिवा रात्रभर जळत ठेवला तर हे पतंग दिव्याभोवतीच फिरत राहतात, फुलांकडे जात नाहीत. म्हणून तो दिवा आम्ही गरजेपुरताच लावतो. याच दिवसांत तरोटा आपोआप उगवतो. कोवळ्या पानांची भाजी सगळे करतात. आम्ही एका कोपऱ्यातला तरोटा उपटत नाही, कारण पिवळी लहान फुलपाखरे त्यावर अंडी घालतात. रोवणी उरकेपर्यंत सांदवाडीत पिवळ्या चिठ्ठ्या उडाव्यात तशी ती दिसू लागतात.

कुंपणाला मेंदी. आमच्या समाजात मेंदीची ओळख करून द्यायला नको. पण कापून कापून तिला फुलूच दिले जात नाही. एक बाजू छाटावी, दुसरी वाढू द्यावी. तिच्या बारीक फुलांचा वास गल्लीभर जातो, फुलोरी माशी कधी कधी आतल्या फांदीला तळहाताएवढे पोळे लावते आणि बुलबुल त्यात घरटे करतो. बाजारातून आणलेल्या कोनापेक्षा घरच्या पानांची मेंदी ईदला जास्त रंगते, हे वेगळेच.

पाऊस सरला की सांबार, मेथी, मोहरी, झेंडू आणि कुंपणाकडेला तूर. सांबार आम्ही सगळा खुडत नाही. एका वाफ्याला फुले येऊ देतो. त्या पांढऱ्या फुलांवर इतके बारीक किडे येतात की मोजता येत नाहीत. त्यात काळे ठिपके असलेले लाल ढालकिडे असतात आणि ते माव्याचा फडशा पाडतात. तरीही मावा हाताबाहेर गेला तर निंबोळी अर्क, एका लिटर पाण्याला 50 ग्रॅम निंबोळीची पूड, रात्रभर भिजवून गाळलेला. तो संध्याकाळी फवारायचा, मधमाश्या घरी गेल्यावर. यापलीकडचे औषध सांदवाडीत आणत नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता शेतकरी-मजूर विषबाधेने मेले, ती बातमी विदर्भातल्या कोणत्याही घराने विसरू नये. जे औषध फवारणाऱ्याला मारते ते मुलांच्या ताटात कशाला?

तुरीच्या आणि वालाच्या फुलांवर थंडीत काळे भुंगे गुणगुणतात. ते वाळलेल्या बांबूत पोखरून राहतात. म्हणून मांडवाचे जुने बांबू सगळे चुलीत न घालता दोन-चार छपराखाली बांधून ठेवावेत. सब्जा एकदा लावला की दरवर्षी आपोआप उगवतो. कब्रस्तानात आपण तो लावतो, रमजानच्या सरबतात त्याचे बी घालतो. सूरह अर्-रहमानमध्ये ज्या सुगंधी रैहानचा उल्लेख येतो, तो अनेक जण याच जातीच्या वनस्पतीशी जोडतात. दुपारी त्याच्या मंजिऱ्यांजवळ उभे राहिले की माश्यांचा आवाज येतो. अल्लाहने मधमाशीला घर कुठे करायचे आणि काय खायचे याची प्रेरणा दिली, असे सूरह अन्-नहलमध्ये आहे. तिच्यासाठी काही फुले आपण जागेवर ठेवली तर आपले काय गेले?

फेब्रुवारी-मार्चमध्ये शेवगा फुलतो, डाळिंब लाल होते, कुंपणापलीकडचा पळस पेटतो. शिंजीर या फुलावरून त्या फुलावर सारखा धावतो. आणि मग आमचा खरा ऋतू, उन्हाळा. नदीपलीकडचे ब्रह्मपुरी देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत अनेकदा असते, वैनगंगेच्या अलीकडे आम्हीही त्याच भट्टीत. या दिवसांत लावण्यासारखे काही नाही, पाजण्यासारखे आहे. सावलीत मातीची पसरट परळे ठेवायची, खोल नकोत. त्यात दोन-तीन दगड ठेवायचे, म्हणजे मधमाशी बुडत नाही. पाणी रोज बदलायचे आणि परळ घासायचे. हे महत्त्वाचे आहे, कारण गडचिरोली हा राज्यात मलेरियाने सर्वाधिक गांजलेल्या जिल्ह्यांपैकी एक. डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. पाणी रोज सांडले तर तो होतच नाही. पक्ष्याला पाणी आणि घरात ताप, असा सदका नको.

झाडांना पाणी कुठून, हा प्रश्न उन्हाळ्यात प्रत्येक घरी असतो. आम्ही वुजूची जागा मागच्या दाराशी केली. तिथले पाणी साबणाचे नसते. ते लहानशा नालीने केळी, कर्दळ आणि अळूला जाते. पाच वेळा, घरात सात माणसे. त्या पाण्यावर केळीचे बेट उन्हाळाभर हिरवे राहते आणि त्याच्या गारव्यात बेडूक दडून बसतात. वाहत्या नदीवर असलात तरी वुजूत पाणी वाया घालवू नका, ही शिकवण आपल्याला आहे. जे वापरले तेही वाया जाऊ नये, एवढेच आम्ही त्यात जोडले.

आता भीतीची बाजू. पुरुषमंडळींच्या शंकांतून आमचे नियम ठरले आणि ते आम्ही मनापासून पाळतो. घराच्या भिंतीपासून सहा फूट जागा झाडून स्वच्छ, तिथे वेल नाही, विटा नाहीत, सरपण नाही. सरपण कुंपणाकडे, जमिनीपासून वर, दगडांवर रचलेले. गवत पायाच्या घोट्यावर जाऊ द्यायचे नाही. झुडपे असावीत, पण त्यांच्या बुडाशी उजेड दिसला पाहिजे, म्हणजे मोठे जनावर दडून बसू शकत नाही. कोंबड्यांचा खुराडा रात्री कडी लावून बंद. पडलेली फळे आणि खरकटे संध्याकाळच्या आत खड्ड्यात, वर माती. खरकट्यावर कुत्री जमतात, डुकरे येतात, आणि कुत्र्यांमागे बिबट येतो. बकरी ईदला तर हे विशेष सांभाळावे लागते. कुर्बानीचे अवशेष खोल पुरावेत किंवा नगर परिषदेच्या गाडीत द्यावेत, गावाबाहेर जंगलाच्या कडेला कधीच टाकू नयेत. आपण टाकून घरी येतो, पण दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच वाटेने कोणीतरी गरीब बाई सरपणाला जाते. साप निघाला तर मारायला धावायचे नाही, दूर राहून नजर ठेवायची आणि सर्पमित्राला फोन करायचा. चावलाच तर मांत्रिक नको, थेट दवाखाना.

आणि एक. फुलपाखरे येतात म्हणून घाणेरी लावू नका. ती बाहेरून आलेली आहे, पाखरे तिचे बी नेतात आणि ती जंगलात पसरून चराईचे गवत मारते. गवत गेले की हरणे गेली, हरणे गेली की वाघ गुरांकडे आणि माणसांकडे वळतो. आपल्या कुंपणातले एक झुडूप आणि जंगलातली एक घटना यांच्यामध्ये असा धागा असतो.

वाद कसा मिटला, तेही सांगतो. एका सकाळी घरातला धाकटा मदरशातून आला आणि मागच्या अंगणात बघून ओरडला, "अब्बू, हुदहुद!" डोक्यावर पंखा उघडलेला, अंगावर काळे-पांढरे पट्टे, लांब चोच मातीत खुपसून किडे काढत होता. मुलाने त्याच आठवड्यात सूरह अन्-नमलमधली हजरत सुलेमान (अ.) आणि हुदहुदची गोष्ट ऐकली होती. मुंगी, मधमाशी, हुदहुद आणि सुरद या चार जिवांना मारायला प्रेषित (स.) यांनी मनाई केली, हेही उस्तादांनी सांगितले होते. त्याने वडिलांना विचारले, "सिमेंट केल्यावर हा चोच कुठे घालेल?" वडील काही बोलले नाहीत. त्या दिवशी वाद संपला नाही, पण बोलण्याचा सूर बदलला. पुढच्या महिन्यात ठरले की, दारापासूनचा एक तृतीयांश भाग गाडीसाठी, तोही सिमेंट न ओतता फटी सोडून बसवलेल्या विटांचा, म्हणजे पाणी मुरेल. उरलेली माती तशीच. लग्नकार्य आले तर मांडव समोरच्या रस्त्यावर, शेजाऱ्यांना विचारून, जसा आजवर घालत आलो तसा.

आपल्यातल्या काहींना वाटते की, पाखरे-फुलपाखरे हे रिकाम्या लोकांचे छंद आहेत. त्यांनी डॉ. सालीम अली यांना आठवावे. मुंबईच्या एका मुस्लिम घरातला हा मुलगा, लहानपणी एक वेगळीच पिवळ्या गळ्याची चिमणी हाती आली आणि तिचे नाव शोधता शोधता साऱ्या देशाला पक्षी ओळखायला शिकवून गेला. 12 नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस आणि 5 नोव्हेंबर हा आपल्या विदर्भाच्या जंगलात आयुष्य घालवलेल्या मारुती चितमपल्ली यांचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. त्या आठवड्यात मुलांना हातात वही देऊन अंगणात बसवा आणि दिसलेल्या पाखरांची नावे लिहू द्या. नाव माहीत झाले की मूल दगड मारत नाही, हा आमचा अनुभव आहे.

ज्यांच्याकडे सांदवाडी नाही, फक्त गॅलरी किंवा छत आहे, त्यांनीही निराश होऊ नये. एका कुंडीत कढीपत्ता, एकीत सब्जा, एकीत फुलू दिलेला सांबार आणि सावलीत पाण्याचे एक परळ, एवढे पुरे. ज्यांची शेते आहेत त्यांनी बांधावर करंज, बोर, जांभूळ ठेवावे, जुना मोह तोडू नये. कयामत समोर दिसत असताना हातात रोप असेल तर तेही लावून टाका, अशी शिकवण ज्या उम्मतला मिळाली, तिने जागा नाही, वेळ नाही अशी कारणे सांगू नयेत.

अम्मी आता फार चालत नाहीत. असरनंतर मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि पेरूवर बसलेल्या पोपटांना मोजतात. यंदा पेरू निम्मेच हाती लागले. उरलेले ज्यांचे होते त्यांना मिळाले. येत्या मृगाला आम्ही बेलाचे आणि बहाव्याचे एकेक रोप लावणार आहोत, इन्शाअल्लाह. आमच्या घरासमोरून जाणाऱ्या कोणालाही वालाचे, सब्जाचे बी हवे असेल तर दार ठोठवावे. बी डब्यात भरपूर आहे आणि ते वाटण्यासाठीच ठेवले आहे.